मेनूतला मानपान

छापील मासिक काढणाऱ्याला कागद, छापखाना, जाहिराती आणि टपालखर्च या चार चिंता असत. ऑनलाइन मासिक काढणाऱ्याला यांतली जवळजवळ एकही नसते, त्यामुळे तो पहिल्या बैठकीला हसतमुखाने येतो. मग कुणीतरी विचारतं, "मेनूत काय काय ठेवायचं?" त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी हसत नाही.

मेनू म्हणजे संकेतस्थळाच्या माथ्यावरची आडवी पट्टी. कथा, कविता, ललित, मुलाखती. दिसायला अगदी निरुपद्रवी. पण तिथे चालतो तो लग्नातला मानपान. कुणाचं पान पहिल्या पंगतीला, कुणाच्या पानाभोवती रांगोळी, आणि कुणाला 'तुमचं तर घरचंच कार्य' म्हणत वाढायला उभं करायचं, याचा फैसला त्या पट्टीवर होतो. आणि इथेही रुसलेला माणूस 'माझं काही म्हणणं नाही' असं म्हणतच रुसतो.

आमच्या संपादक मंडळातल्या कवींचं असंच काही म्हणणं नव्हतं. कविता कथेच्या नंतर का, एवढंच त्यांनी विचारलं. संपादक म्हणाले, पूर्वापार तसंच आहे. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची, तेव्हा 'पूर्वापार' या शब्दाला बैठकीत वजन असतं. कवींनी ते वजन मान्य केलं आणि पुढचा अर्धा तास चहाला हात लावला नाही.

खरं तर कवींची तक्रार रास्त होती, पण ती त्यांना नीट मांडता आली नाही, म्हणून मी मांडतो. छापील अंकात क्रम एकच असे आणि तो बराचसा फर्म्याने ठरवलेला असे. सोळा पानांचा फर्मा भरायचा. कथा साडेसात पानांत आटोपली की अर्धं पान मोकळं राही आणि तिथे कविता जाई. मराठी कवितेचा बराच संसार असा कथेच्या उरलेल्या जागेत झालेला आहे. कथाकाराने शेवट लांबवला की कवी बेघर. तरीही फायदा एक होता: कथा संपवून थकलेल्या वाचकाची नजर आपोआप कवितेवर पडे. त्याने वाचायचं ठरवलेलं नसताना तो वाचून जाई. ऑनलाइन अंकात जागा संपतच नाही, त्यामुळे ती उरतही नाही. कवितेला आता स्वतंत्र दालन, स्वतंत्र दार, दारावर पाटी. आणि त्या दारातून मुद्दाम आत यायचं म्हणजे वाचकाला आधी ठरवावं लागतं की आज आपण कविता वाचणार आहोत. असं ठरवणारी माणसं थोडी असतात आणि तीही बहुतेक स्वतःच्या कवितेपुरतीच येतात.

भांडण मिटवायला कुणीतरी अकारविल्हे क्रम सुचवला. वर्णमालेपुढे सगळे सारखे. सुचवणारे गृहस्थ अनुवादक होते, हे नंतर लक्षात आलं. अनुवाद पहिला. मग आठवणी. मग कथा, मग कविता, कारण 'थ' आधी येतो आणि 'व' नंतर. म्हणजे कथाकारांना जे पूर्वापार होतं त्याला आता पाणिनीचाही आधार मिळाला. कवींनी 'कविता'चं 'काव्य' करून पाहिलं, तर ते आणखी खाली गेलं, कारण 'क'च्या सगळ्या शब्दांनंतर 'का' येतो. एकाने 'अक्षरकविता' असं नाव सुचवलं आणि अनुवादकाकडे पाहिलं. पण ही योजना कवींनी बुडवली नाही. ती बुडवली संपादकांनी, कारण तिच्यात 'संपादकीय' सगळ्यांच्या खाली, व्यंगचित्रांनंतर येत होतं.

अकारविल्ह्यात आणखी एक गंमत दडलेली असते. युनिकोडमध्ये देवनागरीला सांकेतिक क्रमांकांचा एक पट्टा दिलेला आहे. त्यात 'अ' आरंभी येतो, पण मराठीचा सुटा 'ॲ' २००८ साली, म्हणजे सगळी मंडळी स्थानापन्न झाल्यावर आला, आणि त्याला 'ह'च्याही पलीकडची जागा मिळाली. यंत्र नुसत्या क्रमांकांवर यादी लावत असेल तर 'ॲनिमेशन' सगळ्यात शेवटी जातं. तोच शब्द कुणी 'अ'वर अर्धचंद्र ठेवून लिहिला तर पार वर, अनुवादाच्या शेजारी. डोळ्यांना दोन्ही एकच. एकाच लेखाला एकाच यादीत पहिला आणि शेवटचा असे दोन्ही मान मिळण्याची सोय इतर कुठे असेल असं वाटत नाही.

पूर्वी असल्या अडचणीवर एक दमदार उपाय होता. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, तेच पुढे 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. मेनूत दाटी झाली की नवं मासिकच काढायचं! आज आम्ही त्याला उपविभाग म्हणतो आणि दोन क्लिकमध्ये उरकतो. म्हणूनच बहुधा त्याचं कुणाला काही वाटत नाही.

उपविभागांचं व्यसन लागतं, हे मात्र सांगायला हवं. वर्डप्रेससारख्या प्रणालीत विभागाखाली उपविभाग, त्याच्या पोटात आणखी एक, असं हवं तितकं खोल जाता येतं. आमच्या एका सदस्याला हे कळलं त्या रात्री तो झोपला नसावा. सकाळी पाहतो तर 'प्रवास', त्याखाली 'भारत', त्याखाली 'महाराष्ट्र', त्याखाली 'कोकण', त्याखाली 'तळकोकण' आणि त्याखाली त्याचं स्वतःचं गाव. गावापुढे कंसात एक आकडा होता: १. तो लेखही त्याचाच.

हे कंसातले आकडे फार दुष्ट असतात. व्यवस्थापनाच्या पडद्यावर प्रत्येक विभागापुढे त्यात किती लेख आहेत ते लिहिलेलं दिसतं. अंक सुरू करताना मराठी संपादक मंडळ जे विभाग आखतं ते पाहावेत: विज्ञान, अर्थकारण, शेती, कायदा, समीक्षा, क्रीडा, पर्यावरण. एखादं विद्यापीठ उघडतंय असं वाटावं. आणि वर्षभराने आकडे पाहावेत. विज्ञान (०). अर्थकारण (०). कायदा (१), आणि तो लेख एका निवृत्त न्यायालयीन लेखनिकाच्या आठवणींचा. समीक्षा (२), दोन्ही एकमेकांच्या पुस्तकांवर. आठवणी (१४३). मेनूत आपल्याला कसलं मासिक काढायचं होतं ते दिसतं, कंसात कसलं निघालं ते. वाचकाला फक्त मेनू दिसतो, हे प्रणालीचे आपल्यावर उपकार आहेत.

बरं, शून्यवाले विभाग काढून टाकावेत म्हटलं तर कुणी तयार होत नाही. "राहू द्या हो, उद्या कुणी लिहिलं तर?" विज्ञानावर उद्या कुणीतरी लिहील या आशेवर आमचा विज्ञान विभाग गेली कित्येक वर्षं उघडा आहे. तिथे चुकून गेलेल्या वाचकाला 'येथे काहीही आढळले नाही' अशी ओळ दिसते. निखळ निरीक्षणावर आधारलेलं तेवढं एकच वाक्य त्या विभागात आहे.

ज्या लेखाला विभाग दिला नाही, त्याला वर्डप्रेस स्वतःहून एका विभागात टाकतं. त्याचं मूळ नाव 'अनकॅटेगराईज्ड'. लेखाला विभागाविना राहता येत नाही. विभाग नाही हाच त्याचा विभाग होतो. हा मुलखाचा चिवट प्रकार आहे. त्याचं नाव बदलता येतं, त्याच्या जागी दुसरा नेमता येतो, पण नेमणूक चालू असेपर्यंत तो पुसता येत नाही. छापील मासिकांत याला 'संकीर्ण' म्हणत आणि तिथे सापडणारा मजकूर बहुधा अंकातला सर्वांत वाचनीय असे, कारण तो कुठल्या साच्यासाठी लिहिलेलाच नसे. आमच्याकडेही तसंच आहे. एका बाईंनी घरातल्या मोडक्या शिलाई मशिनवर लिहून पाठवलं. ती कथा नाही, कारण त्यात काही घडत नाही. लेख नाही, कारण त्यात माहिती नाही. आठवण म्हणावं तर मशीन अजून घरातच आहे. शेवटी 'ललित'मध्ये टाकलं. मराठीतला 'ललित' हा विभाग म्हणजे तोच अनकॅटेगराईज्ड, फक्त इस्त्री करून आलेला.

आता टॅग. सुरुवातीला वर्डप्रेसमध्ये फक्त विभाग होते. टॅग २००७ मध्ये आले. विभाग संपादकाने ठरवायचे आणि थोडे ठेवायचे. टॅग लेखागणिक, हवे तितके, वर-खाली काही नाही, सगळे एका पातळीवर. म्हणजे विभागांत मानपान आणि टॅगांत लोकशाही. लोकशाही आल्याबरोबर सगळ्यांनी सगळीकडे हात मारला. एका लेखकाने आपल्या लेखाला लावलेले टॅग असे होते: मराठी, लेख, मराठी लेख, छान लेख, वाचनीय, पुणे, दिवाळी, दीपावली, दिवाळी अंक, दिवाळीअंक. लेख मधुमेहावर होता. मधुमेह हा टॅग नव्हता.

शिवाय दोन माणसं एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकतात. 'तऱ्हा'मधला तो अर्धा र एका कळफलकावर एका रीतीने निघतो, दुसऱ्यावर दुसऱ्या. कागदावर जुळी भावंडं. यंत्राच्या पोटात दोन वेगळ्या संकेतांच्या माळा. मग 'तऱ्हेवाईक' आणि 'तर्‍हेवाईक' असे दोन टॅग शेजारी शेजारी नांदतात, एकाखाली तीन लेख, दुसऱ्याखाली पाच. दोघांत फरक काय असं संपादकांनी विचारलं, तेव्हा काहीच नाही असं उत्तर द्यावं लागलं. ते म्हणाले, मग दोन कशाला? हे प्रश्न संपादकांना पडतात, म्हणूनच ते संपादक.

टॅगांवरून यंत्र 'हेही वाचा' जुळवतं. यंत्राला लेख कळत नाही, त्याला टॅग कळतो, आणि तेवढ्यावर ते सोयरिकी जमवतं. 'कोल्हापूर' हा टॅग समान निघाला म्हणून तालमीतल्या एका वस्तादांच्या मृत्युलेखाखाली आमच्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्शाची कृती आली होती. नातेवाइकांचा फोन आला. आम्ही धास्तावलो. तर त्यांना कृतीतल्या तिळाचं प्रमाण पटलेलं नव्हतं.

या सगळ्याचा विचार एका माणसाने फार पूर्वी करून ठेवला आहे. मेल्विल ड्युईने १८७६ मध्ये ग्रंथालयांसाठी जगातलं ज्ञान दहा वर्गांत बसवलं, त्यात इंग्रजी साहित्याला ८२० पासून ऐसपैस ओसरी मिळाली आणि मराठी साहित्याला पुढे ८९१.४६ हा पत्ता. दशांशचिन्हापलीकडचा, मागच्या चाळीतल्या खोलीसारखा वाटणारा. त्यानंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. विषयाला एकच खण कशाला शोधता, त्याचे पैलू सुटे करा आणि जोडा, असं त्यांचं म्हणणं. लंडनमधल्या दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडून वेगवेगळी खेळणी बनताना पाहून त्यांना हे सुचलं. पैलू पाच: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल.

मी ही पद्धत आमच्याकडे आलेल्या एका लेखावर लावून पाहिली. लेखाचं नाव 'आईच्या हातची पुरणपोळी'. व्यक्तित्व: आई. द्रव्य: पुरण. ऊर्जा: लाटणे. स्थल: स्वयंपाकघर. काल: होळी. चोख बसला! उत्साहाने पुढचा घेतला. आई, डिंक, वळणे, स्वयंपाकघर, थंडी. त्यापुढचा: आई, कैरी, किसणे, स्वयंपाकघर, वैशाख. विसाव्या लेखापर्यंत व्यक्तित्व आणि स्थल हे दोन रकाने मी भरायचेच सोडून दिले. रंगनाथनांच्या पद्धतीत काही खोट नाही. तिने मराठी दिवाळी अंकाचा अंदाज घेतलेला नव्हता, इतकंच.

तांत्रिक बाजू सांभाळायला संपादकांची भाची आहे. तिला लेखांत रस नाही, त्यामुळे तिचं काम स्वच्छ असतं. प्रणालीत माणसांच्याही पायऱ्या असतात: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्युटर, सबस्क्रायबर. काँट्रिब्युटरला लिहिता येतं, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि चित्रही चढवता येत नाही. संपादकांनी यादी वाचली आणि त्यांची नजर पहिल्या पायरीवर थांबली.

"हा एडिटरच्या वर कोण?"

"मी, मामा."

"तुला कुणी नेमलं?"

"तुम्हीच. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणालात ना!"

टिळक-आगरकरांच्या काळापासून मराठी संपादकाने सरकारशी टक्कर घेतली, मालकाशी घेतली, वर्गणीदाराशीही घेतली. पण भाचीने मनात आणलं तर एका क्लिकमध्ये त्याचा सबस्क्रायबर होऊ शकतो, ही नामुष्की त्याच्या वाट्याला याच शतकात आली. त्या दिवसापासून संपादक तिला 'अगं' ऐवजी 'बाळा' म्हणतात.

भाचीने आणखी एक वाईट बातमी दिली. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर तो दुसरीकडे चिकटवताना पुष्कळदा नुसते टक्केच टक्के आणि आकडे होतो. पतपेढीचं दरपत्रक पाठवलंय की काय असं वाटावं. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-मात्रा-जोडाक्षराच्या खुणेलाही, त्या पत्त्यात नऊ जागा लागतात. वर्डप्रेसमध्ये या भागाला मर्यादा २०० जागांची. हिशेब करा, बावीस चिन्हं झाली की संपलं. 'माझ्या आजोळच्या अंगणातला प्राजक्त' हे नाव घातलं तर दोनशे जागा बरोबर 'अंगणातला' या शब्दापाशी भरतात. अंगण आत आणि प्राजक्त कुंपणाबाहेर. लेखिकेला हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "असंच झालं होतं हो, वाटणीत."

नाव छोटं ठेवावं तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. एकाच नावाचं दुसरं लेखन आलं की यंत्र पत्त्यापुढे -२ लावतं, मग -३, मग -४. आमच्याकडे 'पाऊस' नावाची पहिली कविता आली तेव्हा तिचा पत्ता नुसता 'पाऊस' असा डौलदार होता. आता जूनमध्ये येणाऱ्या कवींना पत्त्यातच कळतं की आपल्याआधी किती जण भिजून गेलेत. एवढी रोखठोक समीक्षा आमच्या समीक्षा विभागात कधी आली नाही.

दिवाळी अंक चढवायच्या आदल्या आठवड्यात खरा पेच उभा राहिला. या प्रणाली मुळात रोजनिशी लिहिणाऱ्यांसाठी घडलेल्या. ताजं वर, शिळं खाली. अंकाचा न्याय उलटा: संपादकीय आधी, बाकी मागाहून. संपादकीय सर्वांत आधी प्रसिद्ध केलं तर ते सर्वांत तळाशी जाणार. तेव्हा क्रम उलटा लावायचा. जो लेख शेवटी दिसायला हवा तो सहाला पंधरा मिनिटं असताना, त्याच्या वरचा चौदा मिनिटं असताना, असं करत करत संपादकीय बरोबर सहा वाजता. वसुबारसेची पहाट ठरली. हा मिनिटांचा तक्ता फिरल्यावर कवींना कळलं की ५:५३ पेक्षा ५:५६ मोठे. चहाला परत कुणी हात लावेना. एका ज्येष्ठ लेखकांना वेळेशी देणंघेणं नव्हतं, फक्त त्यांच्या मिनिटाला चौघडिया कोणता आहे ते पाहून हवं होतं. भाचीने दरम्यान प्रणालीचं घड्याळ ग्रिनिचवरून काढून कोलकात्यावर लावलं. शहरांच्या त्या यादीत मुंबई नाही. पुणेही नाही, यावर दहा मिनिटं गेली.

राशिभविष्याचा निकालही त्याच बैठकीत लागला. वार्षिक राशिभविष्य घ्यायचंच नाही, असं संपादकांचं जुनं मत. जाहिरातवाल्यांचं मत वेगळं होतं आणि सर्वाधिक वाचलेल्यांच्या यादीचं तर फारच वेगळं. तडजोड अशी झाली की राशिभविष्य घ्यायचं, पण मेनूत त्याची पाटी नको, मुखपृष्ठावर नको, टॅगही नको. अनकॅटेगराईज्डमध्ये पडू दे. संपादकांच्या तत्त्वाला धक्का लागला नाही आणि मजकूरही गेला.

मग भाचीने शेवटची अडचण सांगितली. वर्डप्रेसच्या नेहमीच्या मांडणीत लेखाला वेळ लावून ठेवली, तरी ती वेळ झाल्यावर यंत्र आपणहून उठत नाही. संकेतस्थळावर कुणी आलं की ते घड्याळाकडे बघतं आणि राहिलेली कामं उरकतं. वर्दळ असेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्दळ नसेल तर मुहूर्त टळतो. थोडक्यात, वाचक आल्याशिवाय अंक प्रसिद्ध होत नाही आणि अंक प्रसिद्ध झाल्याशिवाय वाचक येणार नाही. यावर सर्व्हरकडून ठरावीक वेळी हाक मारायची तजवीज करता येते, तीही ती करणार होती. पण संपादक म्हणाले, कशाला, मी आहे की.

वसुबारसेला पहाटे ते उठले, अभ्यंगाला अजून अवकाश होता तरी अंघोळ केली आणि सहा वाजता मोबाइल उघडून आपल्याच अंकाच्या दारात उभे राहिले. अंक उलगडला. संपादकीय वर, त्याखाली कथा, त्याखाली कविता, सगळे आपापल्या मिनिटाला. भाची तिकडे लॅपटॉपवर आकडे बघत होती. सहा वाजून चार मिनिटांनी संपादकांनी तिला फोन केला.

"कोणी आलं का गं बाळा?"

"एक जण आलाय मामा. मेनूकडे बघितलंच नाही त्याने. थेट शोधाच्या चौकटीत गेला."

"काय शोधलं? संपादकीय?"

"वृश्चिक."

संपादक क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकांची अभिरुची, दुसरं काय."

"मामा," भाची म्हणाली, "आत्तापर्यंत एकच मोबाइल आलाय. तुमचा."